बिऱ्हाड

दिवाळी अंकाचं काम अंगावर आलेलं असताना, ऑक्टोबरातल्या एका सकाळी आमच्या मुद्रितशोधक बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. चष्मा हातात काढून घेतलेला. म्हणाल्या, "अरे, माझे शब्द कुठे गेले?"

कोणते शब्द, हे मला आधी कळलंच नाही.

"आंडोर पुन्हा लाल दिसतोय. मागच्या आठवड्यात घातला होता मी. कावून पण लाल. खंयसर पण. सगळेच गेलेत."

पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी प्रकाशन संस्था होती. चौदा संगणक, जिन्याखालच्या खोलीत एक सर्व्हर, आणि हे सगळं सांभाळायला मी एकटा. बाई तीसेक वर्षं प्रुफं वाचत होत्या. आधी कागदावर, मग पडद्यावर, आणि शेवटचा हात पुन्हा कागदावरच. आम्ही लिहायला वापरतो ते लिब्रेऑफिस एखादा शब्द ओळखत नसलं की त्याखाली लाल नागमोडी रेघ काढतं. उजवं बटण दाबून शब्द कोशात घातला की रेघ जाते. हे काम कुणीही दोन सेकंदांत करील. बाई तसं करायच्या नाहीत. खानदेशातल्या लेखकाची अहिराणी कथा आली की त्याला फोन करायच्या. आंडोर म्हणजे मुलगा, मग मुलीला तुमच्या गावात आंडेर म्हणतात की आणखी काही, अनुस्वार उच्चारात ऐकू येतो का, अनेकवचन कसं होतं. मालवणी कथेतला झील आणि चेडू, वऱ्हाडीतलं पोट्टं, हे सगळे असे एकेक करून, चौकशी होऊन, त्यांच्या कोशात आलेले. पाच-सहा वर्षांत ती यादी काही हजारांवर गेली होती. तिची ताजी दुसरी प्रत कुठेही नव्हती, आणि ती यादी म्हणजे संस्थेचा ऐवज आहे हे त्या सकाळपर्यंत माझ्याही मनात आलं नव्हतं. माझ्या लेखी ती 'यूझर सेटिंग' होती.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. रोमिंग प्रोफाइल ही सोय नेमकी तशी आहे. माणूस कार्यालयातल्या कुठल्याही यंत्रासमोर बसला तरी त्याचं बिऱ्हाड त्याच्या मागे यावं. विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचं एक घर असतं. त्यात एनटीयूझर डॉट डॅट नावाची एक फाइल असते. पार्श्वचित्र, कळफलक, प्रिंटर, त्या माणसाच्या साऱ्या लहानमोठ्या आवडीनिवडी रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींच्या, रूपात तिच्यात भरलेल्या असतात. शेजारी ॲपडेटा हा फोल्डर, आणि त्यात तीन खोल्या: लोकल, लोकललो आणि रोमिंग. पहिल्या दोन त्या यंत्रापुरत्या. प्रवासाला निघते ती तिसरी. बाईंचा कोश त्या तिसऱ्या खोलीत लिब्रेऑफिसच्या कपाटात, वर्डबुक नावाच्या कप्प्यात, स्टँडर्ड डॉट डिक या फाइलमध्ये होता. साधी मजकुराची फाइल. वर चार ओळींचं कपाळ, खाली एका ओळीत एक शब्द.

साइन इन केलं की सर्व्हरवरची प्रत यंत्रावर उतरते. साइन आउट केलं की यंत्रावरची प्रत सर्व्हरवर चढते. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर वेळेचा शिक्का पाहिला जातो आणि नव्या शिक्क्याची फाइल जुनीवर बसते. सगळी योजना एवढीच आहे.

आता बाई संध्याकाळी साइन आउट करायच्याच नाहीत. प्रुफं उघडी असायची, मध्ये पेन्सिलीने खुणा केलेले कागद, उद्या जिथून सुरुवात करायची ती ओळ पडद्यावर. त्या फक्त मॉनिटर बंद करायच्या. टेबलावर वाचन अर्धवट राहिलं की आपण पुस्तक पालथं घालून ठेवतो, तसं. यात त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. साइन आउट केल्याशिवाय बिऱ्हाड वर चढत नाही ही गोष्ट त्यांना कुणीतरी सांगायला हवी होती, आणि ते कुणीतरी म्हणजे मी होतो.

बारा दिवस त्यांचं यंत्र असं अखंड चालू होतं. तेराव्या दिवशी दुपारी वीज गेली-आली आणि एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, उडाला. मी तो दुरुस्तीला दिला आणि बाईंना जाहिरात विभागातल्या रिकाम्या यंत्रावर बसवलं. तिथे सर्व्हरवरची बारा दिवसांपूर्वीची प्रत उतरली. दोन दिवस त्यांनी जाहिरातींचीच पानं तपासली. तिथे अहिराणी नव्हती, मालवणी नव्हती, त्यामुळे काही कमी आहे हे जाणवायचं कारण नव्हतं. दुकानांची, पेढ्यांची पाच-सात नावं त्यांनी कोशात घातली. मी सांगितलं म्हणून, यंत्र दुसऱ्याचं म्हणून, दोन्ही दिवस नीट साइन आउट केलं. जुनीच यादी, वर पाच-सात शब्द, आणि शिक्का अगदी ताजा: अशी फाइल सर्व्हरवर गेली.

मग मी दुरुस्त झालेलं यंत्र आणून जोडलं. त्याच्या डिस्कवर बारा दिवसांचे सगळे शब्द शाबूत होते. मी बटण दाबलं आणि खुर्ची मागे ओढून दिली, "बसा बाई, झालं तुमचं." त्यांनी पासवर्ड टाकला. वेलकम असं लिहून गोल फिरतो त्या वीसेक सेकंदांत, आम्ही दोघं पाहत असताना, ताज्या शिक्क्याची गरीब फाइल जुन्या शिक्क्याच्या श्रीमंत फाइलवर बसली. कुठली चूक नोंदली गेली नाही, कुणी काही विचारलं नाही. यंत्राच्या दृष्टीने जुळवणी यशस्वी झाली होती.

त्या वीस सेकंदांचा विचार मी पुष्कळ केला आहे. यंत्र सुरू करण्याआधी मी डिस्क काढून दुसरीकडे जोडली असती आणि ती एक फाइल बाजूला घेतली असती, तर पाच मिनिटांचं काम होतं. नंतर शोधाशोध केली. त्या यंत्रावर मागच्या आवृत्त्या ठेवायची सोय मीच जागा वाचवायला बंद केली होती. डिस्क एसएसडी असल्यामुळे पुसलेल्या जागा ट्रिमने, म्हणजे रिकाम्या जागा कायमच्या मोकळ्या करणाऱ्या सोयीने, साफ झालेल्या. सर्व्हरचा रोज रात्री बॅकअप व्हायचा, पण वर चढलंच नव्हतं ते बॅकअपमध्ये कुठून येणार?

जुळवणीत 'एक वस्तू' कशाला म्हणायचं, हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. यंत्राच्या लेखी फाइल ही एक वस्तू आणि तिला एक वेळ. बाईंच्या लेखी तीच फाइल म्हणजे काही हजार वस्तू, प्रत्येकीचा लेखक वेगळा, गाव वेगळं, फोनवरचं बोलणं वेगळं. दोन फाइलींमधून एक निवडायची असं यंत्राला वाटलं, तिथे प्रत्यक्षात दोन याद्या होत्या आणि त्या एकमेकींत मिसळता आल्या असत्या. हे यंत्राला कळणं शक्यच नव्हतं. मला कळायला हवं होतं, कारण मी बाईंच्या शेजारी बसून डबा खात होतो.

शब्द परत मिळवायला आम्हाला तीन दुपारी लागल्या. त्या बारा दिवसांतली प्रुफं सर्व्हरच्या सामाईक फोल्डरमध्ये होती, कारण ती तिथेच ठेवायची शिस्त होती. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून त्या सगळ्या मजकुरातले शब्द वेगळे काढले, लिब्रेऑफिसच्या शुद्धलेखन तपासनिसाला माहीत असलेले गाळले, उरलेल्यांची यादी छापली. चारशेच्या वर भरले. मला वाटलं, सरसकट घालून टाकू, काम संपेल. बाईंनी पेन्सिल घेतली. "यातले अर्धे टायपिंगचे दोष आहेत. ते कोशात गेले तर पुढच्या वेळी मला दिसणारच नाहीत." आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. दोन लेखकांना त्यांनी पुन्हा फोन केला. एकाने विचारलं, "बाई, हे तुम्ही मागेच विचारलं होतं ना?" त्या म्हणाल्या, "हो, पण लिहून ठेवलेलं हरवलं."

त्यानंतर मी व्यवस्था बदलली. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर प्रोफाइलमधून काढून सरळ सर्व्हरवरच ठेवले, म्हणजे ते चढवायचा-उतरवायचा प्रश्न उरला नाही आणि साइन इनही झपाट्याने व्हायला लागलं. रोमिंग प्रोफाइल वापरणाऱ्या कुणालाही मी पहिलं हेच सांगेन: बिऱ्हाड हलकं ठेवा. कुणाच्या डेस्कटॉपवर दोन जीबीचे फोटो असले की रोज सकाळी दोन जीबी तारेतून यायला लागतात आणि माणूस चहाला निघून जातो.

कोशासाठी वेगळी युक्ती केली. रात्री सगळ्या यंत्रांवरच्या आणि सर्व्हरवरच्या याद्या एकत्र करायच्या, पुनरुक्ती काढायची, सकाळी सगळ्यांना एकच यादी. आठवडाभर छान चाललं. मग बाई पुन्हा आल्या. "काल मी एक चुकीचा शब्द काढला होता. आज तो परत आलाय. परवा पण असंच झालं." मी डोक्याला हात लावून बसलो. एका यंत्रावर काढलेला शब्द दुसऱ्या यंत्रावर असतोच. दोन्ही याद्यांची बेरीज केली की तो परत येणारच. नुसत्या बेरजेला काढणं कळत नाही. एखादी गोष्ट नसणं हे 'अजून आलेली नाही' म्हणून आहे की 'मुद्दाम काढली' म्हणून, हे रिकाम्या जागेकडे पाहून सांगता येत नाही. काढल्याची वेगळी नोंद ठेवावी लागते. फाइली जुळवणाऱ्या पक्क्या व्यवस्था अशा काढलेल्या गोष्टींच्या खुणा काही काळ सांभाळून ठेवतात. इंग्रजीत त्यांना टूमस्टोन म्हणतात, म्हणजे थडग्यावरचा दगड. आम्ही 'काढलेले शब्द' अशी दुसरी फाइल सुरू केली. बाईंनी त्या फाइलला मुख्य यादीपेक्षा जास्त जपलं. म्हणाल्या, कोणता शब्द का घेतला नाही हेच तर नव्या माणसाला कळत नाही.

घड्याळाचं एक सांगायला हवं, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. डोमेनमध्ये, म्हणजे एका सर्व्हरच्या कारभाराखालच्या यंत्रांत, यंत्राची ओळख केर्बेरॉस नावाचा पहारेकरी पटवतो, आणि यंत्राच्या आणि सर्व्हरच्या घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर तो आत घेत नाही. हे बरंच आहे, कारण मग लगेच बोंब होते. आमच्याकडे एका यंत्राच्या बोर्डावरची बॅटरी संपत आली होती आणि ते साडेतीन-चार मिनिटं पुढे धावायचं. दार उघडत होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. आणि त्या यंत्रावर लिहिलेली प्रत्येक फाइल इतरांपेक्षा चार मिनिटं 'नवी' ठरत होती.

तात्पुरत्या प्रोफाइलचा प्रसंग वेगळा, पण तोही बाईंवरच आला. एका सकाळी साइन इन केलं तर पडदा कोरा, चिन्हं नाहीत, कोपऱ्यात सूचना की तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलने आत आला आहात. विंडोजच्या नोंदवहीत १५११ आणि १५१५ या क्रमांकांच्या नोंदी होत्या: घर सापडलं नाही, म्हणून धर्मशाळेत सोय केली आहे. सूचना इंग्रजीत, अक्षर बारीक. बाईंनी ती बाजूला सारली आणि दोन तास काम केलं, डेस्कटॉपवर जतन करत. (डेस्कटॉप तोवर सर्व्हरवर नेलेला नव्हता, हे त्या ऑक्टोबरच्याही आधीचं.) मग मला फोन केला, "काहीतरी गडबड आहे, मी बंद करून परत चालू करते." मी जिन्यावरूनच ओरडलो, "बाई, कशालाच हात लावू नका!" तात्पुरतं प्रोफाइल साइन आउट होताच पुसून टाकलं जातं, त्यात ठेवलेल्या सगळ्यासकट. आधी टेम्प नावाच्या फोल्डरमधून त्यांचं दोन तासांचं काम बाहेर काढलं, मगच रजिस्ट्रीतल्या प्रोफाइललिस्टमध्ये जाऊन त्यांच्या ओळखक्रमांकाला लागलेलं 'डॉट बॅक' हे शेपूट काढलं आणि घर परत जागेवर आणलं. त्या दिवसापासून चौदाही टेबलांवर मी मराठीत एक चिठ्ठी चिकटवली: पडदा अनोळखी दिसला तर बंद करू नका, मला हाक मारा.

आता 'ऱ'ची गोष्ट. ही मराठीत काम करणाऱ्यालाच भेटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्याच दिवाळी अंकाच्या वेळी सामाईक फोल्डरमध्ये 'वऱ्हाडी कथा' हा फोल्डर एका दिवशी दोनदा दिसायला लागला. एकाखाली एक, तंतोतंत सारखी नावं. एकाच ठिकाणी एकाच नावाचे दोन फोल्डर असूच शकत नाहीत, हे मी इतक्या जणांना शिकवलं होतं की आधी डोळ्यांवरच विश्वास बसेना. वाचून झालेली प्रुफं एकात होती, न वाचलेली दुसऱ्यात. डीटीपीवाल्या मुलाने भलत्याच फोल्डरमधून पानं उचलून अख्खा फॉर्म लावला होता. प्लेटा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाईंच्या लक्षात आलं, म्हणून वाचलो.

मी दोन्ही नावांतल्या एकेका अक्षराचा क्रमांक छापून पाहिला. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, 'ऱ'ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. तिथल्या टिपेत हे अक्षर आधी द्राविडी भाषांतल्या एका र-ध्वनीसाठी म्हणून सांगितलं आहे, आणि मग त्याचं अर्धं रूप म्हणजे आपला वऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या यांतला पापणीसारखा र. पण तोच 'ऱ' साधा र आणि त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, अशा दोन तुकड्यांनीही लिहिता येतो. तिसरी रीत आणखी वेगळी: र, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. तिन्ही पडद्यावर एकच दिसतात. आमच्याकडे एक फोल्डर एकसंध 'ऱ'चा होता. दुसरा लेखकाच्या मुलाने जुन्या मॅकवरून झिप करून पाठवलेला. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावं सुटी करून साठवायची, आणि झिपमधून ती तशीच आली. विंडोज आणि लिनक्स नावांच्या या जुळवाजुळवीत पडत नाहीत, दिलं तसं ठेवतात. म्हणून दोन वेगळी नावं, दोन वेगळे फोल्डर.

आपल्याकडे या एका खुणेवर अर्थ फिरतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना जेवणाचं सांगायचं. बाई तर या रफारावर आणि पापणीवर आयुष्यभर पेन्सिल चालवत आलेल्या. त्यांना मी दोन फोल्डरांचं कारण सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला दिसत नाही असा फरक यात आहे?" त्यांच्या आवाजात जे होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

नावांच्या लांबीचंही असंच. आमचा सर्व्हर लिनक्सवर सांबा, म्हणजे विंडोजच्या यंत्रांना फाइली पुरवणारी प्रणाली, घालून चालवलेला. तिथल्या डिस्कवर एका फाइलनावाला २५५ बाइटांची मर्यादा, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या रीतीत देवनागरीचा प्रत्येक तुकडा ३ बाइटांचा. बिऱ्हाड हा शब्द डोळ्याला तीन अक्षरं, यंत्राला काना, वेलांटी, हलन्त धरून सात तुकडे, डिस्कवर २१ बाइट. म्हणजे अख्ख्या नावाला ८५ तुकडे. विंडोज मात्र २५५ तुकडे घेतं. एका संपादकांना फाइलच्या नावातच पत्र लिहायची सवय होती, 'दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांपैकी' इथून सुरू होऊन तारखेपर्यंत. त्यांच्या यंत्रावर ती फाइल आनंदाने राहायची आणि सर्व्हरवर जायला नकार द्यायची. त्यांना मी नियम सांगितला नाही. नाव लहान ठेवा आणि बाकीचं आत पहिल्या ओळीत लिहा, एवढंच म्हटलं.

बाई निवृत्त झाल्या त्या आठवड्यात मी विचारलं, तुमच्या कोशाची प्रत पेन ड्राइव्हवर देऊ का? "छापून दे," म्हणाल्या. दोन रकान्यांत, बारीक टायपात, तरी बरीच पानं झाली. निरोपाचा चहा व्हायला अजून वेळ होता. त्यांनी चष्मा चढवला, पेन्सिल घेतली आणि सवयीने पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मी समोरच बसलो होतो. ब अक्षराशी आल्यावर थांबल्या.

"अरे, बिऱ्हाड दोनदा आलंय." आणि खालचा खोडला.

मी पाहिलं. माझ्या स्क्रिप्टने पुनरुक्ती काढली होती, पण बाइट पाहून. एक एकसंध 'ऱ'चा, एक नुक्त्याचा.

"बाई, ते आतून वेगळे आहेत," मी म्हटलं. "वऱ्हाडी कथांसारखे. एक काढला तर तशा कळफलकावर लिहिणाऱ्याच्या मजकुरात तो पुन्हा लाल होईल."

त्यांनी कागद जरा लांब धरून दोन्हींकडे पाहिलं. मग खोडलेल्या बिऱ्हाडाखाली एकेक करून टिंबं दिली, समासात 'राहू द्या' असं लिहिलं, आणि पुढचा शब्द वाचायला घेतला.